बदअंमल ते अशोभनीय: एका आरोपाचा मागोवा

भारतीय फौजेत अधिकाऱ्यावर ठेवला जाणारा एक आरोप आहे. मूळ शब्द इंग्रजीत असतात. मराठीत आणले तर असे वाचावे लागतात: ‘बंधु-अधिकाऱ्याच्या पत्नीचे प्रेम चोरले.’ वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते. कुणी कर्नल, कुणी मेजर, एखाद्या छावणीचे नाव, कोर्ट मार्शल, आणि अवतरणचिन्हांत हे शब्द. वाचणारा पान उलटतो. मी मात्र या एका वाक्यापाशी बरीच वर्षे घुटमळते आहे.

चोरी म्हटली की चोर आला, चोरीला गेलेली वस्तू आली आणि ती ज्याची होती तो धनी आला. इथे चोर म्हणजे तो अधिकारी. वस्तू म्हणजे प्रेम. धनी म्हणजे नवरा, तोही वर्दीतला. मग बाई कुठे आहे? ती चोर नाही, जिचे काही गेले अशीही नाही. कपाट फोडून डबा नेला तर कपाटाला कुणी काही विचारत नाही, तशी ती त्या वाक्यात उभी आहे.

सरकारी नोकराने किंवा सैनिकाने व्यभिचार केला तर त्याला नोकरीत शिक्षा व्हावी का, हा प्रश्न निघाला की दोन्ही बाजूंचे लोक नीतीबद्दल बोलू लागतात. जुने कागद काढून बघावेत तर नीती फार थोडी सापडते. सापडते ते वेगळेच: माल कुणाचा, मान कुणाचा आणि दंड कुणाच्या पेटीत.

सरकारी माणसाची बायको इतरांच्या बायकांपेक्षा निराळी, हा विचार फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात, दूरदेशी गेलेल्या नवऱ्याची बायकोने किती काळ वाट पाहावी याचा हिशेब दिला आहे. शिकायला गेलेल्या ब्राह्मणाची वाट मूल नसलेल्या बायकोने दहा वर्षे पाहावी, मूल असलेलीने बारा. आणि राजाच्या चाकरीत गेलेल्या पुरुषाची? आयुष्य संपेपर्यंत. तिथे मुदतच नाही. राज्याने नवरा नेला, तर बायको जन्मभर राखून ठेवायची. पण त्या कलमाला लागूनच कौटिल्य आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती मला दर वेळी थांबवते: अशा बाईला आपल्याच वर्णाच्या पुरुषापासून मूल झाले, तर तिला दोष लावू नये. वर्णाची अट आहेच, ती विसरून चालणार नाही. तरीही त्या रोखठोक ग्रंथाला एवढे उमगले होते की ज्या राज्याने तिचा माणूस अनिश्चित काळासाठी नेला, त्या राज्याला तिच्यावर बोट उगारण्याचा अधिकार उरत नाही. पुढच्या दोन हजार वर्षांत हे किती जणांना उमगले, ते शोधावे लागते.

आपल्या मुलखात या आरोपाचा ठळक कागद म्हणजे रांझ्याच्या पाटलाचे पत्र. १६४६ च्या जानेवारीतले. शिवाजी महाराजांची मुद्रा असलेल्या उपलब्ध पत्रांत ते सर्वांत जुने मानले जाते. खेडेबाऱ्यातल्या रांझे गावचा मोकदम, म्हणजे पाटील, बाबाजी भिकाजी गुजर याच्याकडून ‘बदअमल’ झाला, म्हणून त्याला आणवले, चौकशी केली, गुन्हा खरा ठरला, हातपाय तोडले, पाटीलकी काढून घेतली. पुढे त्याच्याच भाऊबंदातल्या सोनजी गुजराने त्याला सांभाळायची तयारी दाखवली, तेव्हा पाटीलकी सोनजीला दिली.

लोकांच्या आठवणीत ही हकिकत बळजबरीची आहे आणि ती तशीच असावी असे मलाही वाटते, कारण त्या काळच्या खेड्यात पाटलाला ‘नाही’ म्हणणारी बाई कुठली असणार? पण पत्रात शब्द एकच आहे, बदअमल. वाईट वर्तन. या एका शब्दात बलात्कारही बसतो आणि दोघांच्या राजीखुशीचा संबंधही बसतो. बाईचे नाव पत्रात नाही. तिचे म्हणणे नाही. तिला काय मिळाले तेही नाही. तरीही या कागदात एक गोष्ट अगदी नीट झाली आहे: शिक्षा पाटलाला झाली आणि पाटीलकीही गेली. गावाने ज्याच्यापुढे मान लवायची, सारा ज्याच्यामार्फत जायचा, त्याने त्या आसनाचा असा वापर केला तर आसन राहणार नाही, हा निकाल आहे. सोळावे वर्ष चालू असलेल्या पोराने दिलेला. एखाद्या अधिकाऱ्याच्या खासगी वागण्यात सरकारने कधी हात घालावा, याचे उत्तर शोधताना मी पुन्हा पुन्हा या पत्राकडे येते.

पेशवाईत तेच शब्द जमाखर्चाच्या वहीत गेले. बदअंमल, शिनळकी. पुरुषाकडून त्याची ऐपत आणि जात बघून दंड घेत. त्या दंडालाच ‘गुन्हेगारी’ म्हणत. बाईजवळ भरायला पैसा नसे. मग तिला बटीक, म्हणजे गुलाम, करत. सरकारी कोठीत, किल्ल्यावर कामाला लावत, कधी विकतही. एकाच गुन्ह्याची एकाला पावती मिळे आणि दुसरीचे उरलेले आयुष्य सरकारजमा होई. दंड ही आवक आहे म्हटल्यावर गुन्हे शोधून काढण्यात अंमलदारांना गोडी लागली, यात नवल नाही. या जमेच्या बाजूला कुठेही नवऱ्याच्या अंतःकरणाचा उल्लेख नाही, बाईच्या तर नाहीच.

इंग्रज आले ते आपल्या घरचे वेगळे गाठोडे घेऊन. त्यांच्या देशात व्यभिचार हा फौजदारी गुन्हा नव्हता, पण नवरा बायकोच्या प्रियकरावर दिवाणी दावा लावून नुकसानभरपाई घेऊ शकत असे. बायकोची किंमत किती, तिच्यावर नवऱ्याचा हक्क किती पक्का होता, दोघांचे आधी पटत होते की नव्हते, यावर ज्युरी पौंडांत आकडा ठरवी. त्या दाव्यात बायकोला पक्षकार होता येत नसे. १८५७ मध्ये तो दावा त्यांनी मोडीत काढला, पण घटस्फोटाच्या अर्जात प्रियकराकडून भरपाई मागण्याची सोय ठेवली. हिंदुस्थानात १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या ३४ व्या कलमात ती सोय जशीच्या तशी आली आणि ख्रिस्ती जोडप्यांसाठी २००१ पर्यंत राहिली. फौजेतल्या ‘प्रेम चोरले’ या शब्दांचे कूळ मला तरी इथेच दिसते.

दंडसंहितेची गोष्ट निराळी आणि अधिक विचार करायला लावणारी आहे. मेकॉलेने १८३७ मध्ये मसुदा सादर केला, त्यात व्यभिचाराचे कलमच नव्हते. तिन्ही इलाख्यांतून माहिती मागवून त्याने मसुद्यासोबतच्या टिपणात निष्कर्ष काढला की ज्याच्या जिव्हारी लागते तो कचेरीची पायरी चढत नाही, आणि जो चढतो त्याला पैसा हवा असतो. दुसरे कारण त्याने बाईच्या बाजूचे दिले. इथे मुलीचे लग्न लहानपणी होते, नवरा तिच्या देखत दुसऱ्या-तिसऱ्या बायका आणतो. कायदा त्याला ते करू देतो आणि तिच्या एका पावलासाठी तिला तुरुंगात घालतो, हा न्याय होणार नाही. मेकॉलेबद्दल माझ्या मनात फारसे प्रेम नाही, पण या टिपणात तो आपल्या घरातल्या माजघरापर्यंत बघून आला आहे.

दहा वर्षांनी, १८४७ मध्ये, विधी आयोगाने ते टिपण वाचले आणि त्यातून उलटेच काढले. बाईची स्थिती वाईट म्हणून तिला सोडा, पण पुरुषाला शिक्षा ठेवा. १८६० च्या संहितेत कलम ४९७ आले: दुसऱ्याच्या बायकोशी, तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय वा मूक मान्यतेशिवाय, संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. बायकोवर चिथावणीचाही आरोप नाही. तक्रार फक्त नवऱ्याने करायची, किंवा त्याच्या गैरहजेरीत ज्याच्या हवाली तिला केले असेल त्याने. नवऱ्याने परवानगी दिली तर गुन्हाच नाही. अविवाहित किंवा विधवा बाईशी संबंध असेल तर गुन्हा नाही. आणि नवऱ्याने बाहेर काही केले तर बायकोला दारच नाही. करुणेने सुरू झालेले वाक्य मालकीवर संपले.

याच काळात फौजेत काय चालले होते, ते बघितले पाहिजे. १८६४ च्या छावणी कायद्याने गोऱ्या शिपायांसाठी वेश्यांची नोंदणी, तपासणी आणि आजारी पडल्यास इस्पितळात डांबणे, अशी सगळी व्यवस्था लावली. पलटणीच्या बाजारात त्यांच्यासाठी जागा राखलेली असे. १८८६ मध्ये क्वार्टरमास्टर जनरलच्या कचेरीतून एक परिपत्रक निघाले. पलटणींच्या बाजारात बायका पुरेशा संख्येने असाव्यात, त्या दिसायला बऱ्या असाव्यात, त्यांना राहायला नीट घरे असावीत, अशा त्यात सूचना होत्या. विलायतेत ते उघडकीला आले, गदारोळ झाला आणि १८८८ मध्ये पार्लमेंटला या पद्धतीविरुद्ध ठराव करावा लागला. फौजेला स्त्री-पुरुष संबंधांचे वावडे होते म्हणून ‘बंधु-अधिकाऱ्याच्या पत्नी’चा आरोप जन्मला, असे ज्यांना वाटते त्यांनी हे परिपत्रक आठवावे. बाजारातली बाई सरकारी खर्चात बसत होती. बंगल्यातली बाई अधिकाऱ्याच्या अब्रूत बसत होती. दोघींपैकी एकीलाही कुणी विचारलेले नव्हते.

अब्रूचा तो शब्द अठराव्या शतकापासून ब्रिटिश युद्धनियमांत आहे: अधिकारी आणि सभ्य गृहस्थ याला न शोभणारे वर्तन. ‘सभ्य गृहस्थ’ हा शब्द वर्गाचा होता. बाकी शिपायाला शिस्त लावायची, अधिकाऱ्याकडून शोभेची अपेक्षा करायची. आपल्या १९५० च्या लष्कर कायद्यात हा भेद आजही आहे. कलम ४५ अशोभनीय वर्तनाचे. ते अधिकारी, ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर (जेसीओ) आणि वॉरंट ऑफिसर यांच्यापुरते. अधिकारी असेल तर मानहानीसह नोकरीतून काढणे, जेसीओ असेल तर बडतर्फी, किंवा याहून कमी काही. जवानाला हे कलम लागूच होत नाही. त्याच्यासाठी कलम ६३, शिस्तीला बाधा, सात वर्षांपर्यंत कैद. ‘पत्नीचे प्रेम चोरले’ हे शब्द मात्र कुठल्याच कलमात नाहीत. ते आरोपपत्राच्या मायन्यात राहतात, एका आरोपपत्रातून दुसऱ्यात उतरवले जातात. कायदा बदलता येतो. मायना कोण बदलणार?

मुंबईचा संबंध इथे दोनदा येतो. १९५१ मध्ये कलम ४९७ घटनेच्या समानतेत बसत नाही, असा दावा मुंबई उच्च न्यायालयात आला. न्यायमूर्ती छागला यांनी निकालात कबूल केले की या कलमाच्या मुळाशी बायको ही नवऱ्याची मालमत्ता आहे हीच कल्पना आहे. आणि तरीही कलम टिकवले. काळाशी विसंगत असणे वेगळे आणि घटनाबाह्य असणे वेगळे, म्हणून. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते टिकवले, स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा घटनेत आहे, या आधारावर. जिला तक्रारीचा हक्क नाही, तिच्यासाठीची ही विशेष तरतूद.

दुसरा संबंध साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. २७ एप्रिल १९५९, नौदलाचा कमांडर कावस नानावटी, त्याची जहाजावरची नोकरी, पत्नी सिल्व्हिया, तिचा मित्र प्रेम आहुजा, नानावटीने त्याच्यावर झाडलेल्या तीन गोळ्या. या खटल्यावर सिनेमे निघाले, पुस्तके निघाली, म्हणून इथे एवढेच नोंदवते की नवऱ्यापुढे कायद्याचे दार उघडे होते. कलम ४९७ होते, घटस्फोटाचा मार्ग होता. आहुजा मोटारींचा व्यापारी, वर्दीतला नव्हे, त्यामुळे बंधु-अधिकाऱ्याचा आरोप तिथे लागू नव्हता. ज्युरीने नानावटीला आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो कौल फिरवून जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. लोकांना रस्त्यावर आणले ते एका चित्राने: देशासाठी समुद्रावर असलेला माणूस आणि मागे उघडे पडलेले घर. कौटिल्याने लिहिलेलीच ती परिस्थिती. कौटिल्याने बाईला दोष लावू नका म्हटले होते. १९५९ च्या मुंबईने वर्दीतल्या नवऱ्याच्या पिस्तुलाला दोष लावला नाही.

नंतरचा रस्ता भराभर सांगता येतो. १९७१ मध्ये विधी आयोगाने बाईलाही शिक्षा करा म्हटले. आयोगातल्या अॅना चांडी यांनी वेगळे मत नोंदवून मुळात हा गुन्हा ठेवावा का, असे विचारले. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने कलम पुन्हा टिकवले. भुरळ पाडतो तो पुरुष, बाई नव्हे, ही समजूत ग्राह्य धरून. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने ते रद्द केले. त्या पाचांत धनंजय चंद्रचूड होते, यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांनी टिकवलेले कलम मुलाने घटनाबाह्य ठरवले, तेही बाईच्या स्वतःच्या इच्छेचा मुद्दा मध्यभागी ठेवून. व्यभिचार घटस्फोटाचे कारण राहिला, गुन्हा राहिला नाही. तरी मुळ्या सगळ्या उपटल्या गेल्या असे नव्हे. विवाहित स्त्रीला फूस लावून नेण्याचे कलम ४९८ नव्या न्याय संहितेत ८४ क्रमांकाने जिवंत आहे.

फौजेला हा निकाल अडचणीचा वाटला. सशस्त्र दल न्यायाधिकरण त्याचा आधार घेऊन काही कारवाया रद्द करू लागले, म्हणून संरक्षण मंत्रालय पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारचे म्हणणे असे की आमचे सैनिक महिनोन्‌महिने घरापासून दूर, दुर्गम ठाण्यांवर असतात. मागे छावणीत राहिलेल्या कुटुंबाबद्दल त्यांना निश्चिंती हवी. शिवाय आमची कारवाई स्त्री अधिकाऱ्यावरही होऊ शकते, ४९७ सारखी ती एकतर्फी नाही. घटनेचा अनुच्छेद ३३ संसदेला सैन्यापुरते मूलभूत हक्क आवरते घेऊ देतो. ३१ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठाने खुलासा केला: २०१८ चा निकाल लष्करी कायद्यांबद्दल नव्हताच. म्हणजे बाहेर जे गुन्हा नाही, ते वर्दीत शिक्षेला पात्र राहिले.

हा युक्तिवाद मी झटकून टाकणार नाही. मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे घरटी एक माणूस ‘मिल्ट्रीत’ असतो आणि घराच्या भिंतीवर देवाच्या बाजूला पलटणीचा फोटो असतो. छावणीत शेजारी राहणारा माणूस नुसता शेजारी नसतो. तो वरचा असेल तर नवऱ्याची रजा त्याच्या हातात, गोपनीय अहवाल त्याच्या हातात, नवऱ्याला कुठल्या टेकडीवर पाठवायचे तेही त्याच्या हातात. अशा माणसाने हाताखालच्याच्या घरात पाऊल टाकले तर ते रांझ्याच्या पाटलाचेच पाऊल आहे, आणि त्याची पाटीलकी गेलीच पाहिजे. तिथे बाईची ‘संमती’ नवऱ्याच्या रजेच्या अर्जाखाली दबलेली असू शकते. पण मग आरोपपत्रात तेच लिहा: हाताखालच्या माणसावरच्या अधिकाराचा गैरवापर केला. त्याची शिक्षा वाढवा. चोरीची भाषा त्या अधिकाराच्या गैरवापराला उलट झाकते, कारण चोरी बरोबरीच्याचीही होते. जिचा नवऱ्याशी संसार केव्हाच तुटला आहे अशी बाई आणि त्याच हुद्द्याचा, दुसऱ्या ठाण्यावरचा अधिकारी, यांच्या बाबतीत फौजेचे नेमके काय बिघडले? तिथे फक्त धन्याचा मान उरतो. १९९२ पासून वैद्यकीय सेवेबाहेरही बायका अधिकारी म्हणून फौजेत येऊ लागल्या, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा कायमस्वरूपी नेमणुकीचा हक्क मान्य केला. आता तो ‘बंधु’ही बाई असू शकतो. ज्या ब्रिटिश फौजेकडून हे शब्द आपण घेतले, तिने २००० साली वागणुकीची नवी संहिता केली आणि कसोटी एकच ठेवली: या वागण्याने दलाच्या कामावर परिणाम झाला का, किंवा होईल का. त्या कसोटीला धनी लागत नाही.

नागरी नोकरीत फौजेइतकेही कारण नाही, आणि शब्द मात्र अधिक सैल. केंद्राचे १९६४ चे वर्तणूक नियम, महाराष्ट्राचे १९७९ चे. दोन्हींत नोकराने सचोटी राखावी, कर्तव्यनिष्ठा राखावी आणि नोकराला न शोभणारे काही करू नये, असे आहे. न शोभणारे म्हणजे काय, ते साहेब ठरवणार. याच नियमांत पहिली बायको हयात असताना दुसरे लग्न करायला मनाई आहे, आणि ते कलम मला स्वच्छ वाटते, कारण त्यात कृत्याचे नाव घेतले आहे. मुंबई प्रांताने तर १९४६ मध्येच द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा केला होता. १९९७ च्या विशाखा निकालानंतर कामाच्या जागी लैंगिक छळ हे गैरवर्तन म्हणून नियमांत नावानिशी आले. तिथे बाईची इच्छा हाच मुद्दा आहे. हे दोन दोर हातात असताना ‘अशोभनीय’ हा तिसरा, गाठ नसलेला दोर कशाला हवा? २०१९ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने एका पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात सांगितले की नोकराच्या खासगी आयुष्यात नैतिक पहारेकरी होण्याचा अधिकार मालकाला नाही. २०२२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने एका पोलीस शिपायाची बडतर्फी रद्द केली. एका विधवेशी संबंध, दोघांच्या संमतीने, एवढेच त्याचे कृत्य होते. समाजाला ते अनैतिक वाटेल, पण सेवानियमांतले गैरवर्तन ते नव्हे.

अशा निकालांवर टाळ्या वाजवताना मला एक बाई आठवते, आणि हात थांबतात. बायकोला ४९७ खाली तक्रार करता येत नव्हती, म्हणून तिच्यापुढे जवळचे दार एकच होते: नवऱ्याची कचेरी. आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी हे दार ठोठावले आहे. कोर्टात वकील लागतो, तारखा लागतात. साहेबाला अर्ज करायला एक कागद लागतो.

नात्याने ती माझी वहिनी लागते. नवरा हवालदार, दूरच्या ठाण्यावर. तिथे त्याने दुसरे घर थाटले होते आणि इकडे पैसे यायचे थांबले होते. तालुक्याच्या कोर्टाबाहेर लिंबाच्या सावलीत टायपिंगवाले बसतात, तिथे मी तिच्याबरोबर गेले. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक काढून ठेवले: लग्नपत्रिका, कॅन्टीनचे कार्ड, मुलांचे दाखले, पलटणीचा पत्ता लिहिलेले जुने पाकीट. टायपिंगवाल्याला सवय असावी. त्याने तिला फारसे न विचारता ‘माननीय कमांडिंग ऑफिसर साहेब’पासून सुरुवात केली आणि शेवटी लिहिले, ‘तरी सदर इसमाने परस्त्रीशी अनैतिक संबंध ठेवून पलटणीची बदनामी केली असल्याने त्यास कडक शासन होऊन नोकरीवरून कमी करण्यात यावे, ही नम्र विनंती.’ मग वाचून दाखवले.

ती म्हणाली, “भाऊ, ती शेवटची वळ काढा.”

“काढू? ताई, तीच तर मेन हाय. त्याबिगर साहेब हलायचा न्हाई.”

“नोकरी ग्येली तर पेन्शन ऱ्हाती का?”

त्याने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, बडतर्फ झाला तर साधारणपणे राहत नाही.

“मग काढा. त्येला सजा दिऊन माझी चूल पेटती व्हय? त्याच्या पगारातनं दर म्हैन्याला परस्पर माज्या खात्यावर पैसं यावं, एवढंच लिवा. आन् क्वार्टर मिळंल का ते इचारा.”

लष्कर कायद्यात कलम ९० आणि ९१ खाली ही सोय आहे. नवरा बायकापोरांना पोसत नसेल तर कोर्टात न जाता फौज त्याच्या पगारातून पोटगी कापून देऊ शकते. ते कलम त्या टायपिंगवाल्याला माहीत नव्हते, मलाही त्या दिवशी नीट माहीत नव्हते. तिला ते कलम म्हणून माहीत नव्हते, पण मागायचे काय ते माहीत होते. त्याने ‘कडक शासन’ची ओळ पुसली, कॉम्प्युटरवर तिच्या शब्दांत नवी ओळ घातली, छापलेला कागद तिच्यापुढे केला. तिने बोट टेकवत एकेक शब्द वाचला, ‘बदनामी’पाशी थांबली आणि तोही काढायला सांगितला. मग सही केली, संपूर्ण नाव लिहून.